म्हैस विकणे आहे, एकदम फुकट

एका गावात एक भोळा म्हैसवाला होता. नाव महिपती. महिपती म्हणजे पृथ्वीचा राजा. पण गावाने पृथ्वी स्वतःकडे ठेवली आणि त्याला म्हैसपती म्हणायला सुरुवात केली. त्याला त्याचं वाईट वाटत नसे. म्हैस तर होतीच. म्हणजे नाव खरंच होतं.

म्हशीचं नाव मैना. ती महिपतीच्या बायकोबरोबर, म्हणजे गोजराबरोबर, तिच्या माहेराहून आली होती. गोजराच्या बापाने लग्नात जावयाकडे एकदा नीट निरखून बघितलं आणि मुलीच्या हातात एका रेडीचं दावं दिलं. म्हणाला, "पोरी, घर हिच्यावर चालंल." जावयाबद्दल तो काही बोलला नाही.

घर खरंच मैनेवर चालत होतं. गोजरा धार काढायची, महिपती दहा घरी रतीब घालायचा. मैना गेली की चूल गेली, हे गोजराला ठाऊक होतं. गावाला ठाऊक होतं. जनावरांचा दलाल इंगवले, त्याला तर फारच ठाऊक होतं. दोन वर्षं त्याचा मैनेवर डोळा होता.

महिपतीचा एक मोठा गुण होता. सांगितलेलं तो तंतोतंत करायचा. आणि वाचलेलंही. दुर्दैवाने त्याला वाचता येत होतं.

एकदा गोजरा म्हणाली, "अवो, बाजारला चाललाय तर अंगाचा साबण आणा."

"कुठला आणू?"

"मला काय ठाऊक? दुकानावर लिहिल्यालं असतं. वाचा आन आणा."

महिपती बाजारला गेला. दुकानावर भलीमोठी पाटी होती. पाटीवर एक बाई. डावीकडे काळी आणि रडकी. उजवीकडे तीच बाई गोरी, हसरी आणि बोटात अंगठी. खाली लिहिलं होतं, 'काळेपणाला करा रामराम! सात दिवसांत उजळ कांती. उजळ रंगाला सगळीकडे मागणी.'

साबण नव्हता, मलम होतं. पण लिहिलेलं वाचून आणा असं गोजराने सांगितलं होतं. महिपतीने विचार केला, आपल्या घरात सगळ्यांत काळं कोण? मैना.

"सात नळ्या द्या," तो दुकानदाराला म्हणाला.

"सात? लग्नाच्या पोरी किती हायेत घरात?"

"एकच. पण मोठी हाय."

"किती मोठी?"

"दारात मावत न्हाई."

"मग दहा न्या," दुकानदार म्हणाला.

महिपती रोज पहाटे मैनेला मलम लावू लागला. मैना रोज सकाळी ते चाटू लागली. तिसऱ्या दिवशी दुधाला गुलाबाचा वास आला. चौथ्या दिवशी गावभर चहाला गुलाबाचा वास आला. पाचव्या दिवशी शेजारची सरूबाई तांब्या घेऊन दारात उभी राहिली. "गोजरे, हे दूध हाय का अत्तर? आमच्या ह्यांनी चहा पिला आन वरातीला चालल्यागत हसायला लागलं."

गोजरा गोठ्यात गेली. महिपती शिंगांच्या मुळाशी बोट फिरवत होता.

"अवो, काय चाललंय?"

"गोरी करतोय."

"म्हशीला?"

"मागणी वाढंल तिची."

"काळी म्हणून तर ती म्हैस! गोरी म्हैस कुणी बघितलीय का?"

"त्या पाटीवरच्या बाईला पण आधी असंच म्हणत असतील," महिपती म्हणाला.

दहातल्या चार घरांनी रतीब बंद केला. गोजराने महिपतीला पारावर कुंभोजकर गुरुजींकडे पाठवलं. गुरुजी शाळेतून निवृत्त झाले होते, पण शिकवण्यातून निवृत्त झाले नव्हते. रोज पारावर बसून ते कालचा पेपर आज वाचायचे.

सगळं ऐकून गुरुजींनी चष्मा काढला. "महिपती, ती जाहिरात मलम विकत नाही रे. ती आधी लाज विकते. तू काळा आहेस, तुझ्यात काहीतरी कमी आहे, असं हळूच कानात सांगते. मग ती लाज पुसायला मलम विकते. खरा संदेश वर लिहिलेला नसतोच. तो आत दडलेला असतो. आत काय दडलंय ते बघायला शीक."

"आत बघायचं."

"हां."

"बरं. ध्यानात ठेवतो."

आणि त्याने ध्यानात ठेवलं. गावाची अडचण तीच होती. विसराळू असता तर निभावलं असतं.

पुढच्या आठवड्यात गोजराने त्याला तालुक्याला पेंड आणायला पाठवलं. एसटी स्टँडच्या भिंतीवर पेंडीचीच जाहिरात होती. एक हसणारी म्हैस आणि तिच्याकडे बघून हसणारा मालक. 'आमची पेंड, घरात आनंद.' महिपती थांबला. वर तर पेंड दिसते आहे. आत काय दडलंय?

त्याने कागदाचा कोपरा नखाने उचलला आणि सर्रकन ओढला.

आत एक उमेदवार होता. हात जोडलेले. 'तुमचाच माणूस.'

"ह्याच्या आत काय?" महिपतीने उमेदवार फाडला. आत केस वाढवायचं तेल होतं. तेल फाडलं. आत कुस्त्यांचं जंगी मैदान होतं. मैदान फाडलं. आत गुडघेदुखी आणि मूळव्याध होती. 'खात्रीशीर इलाज. फक्त गुरुवारी.'

तोवर माणसं जमली.

"काय शोधताय, पाव्हणं?"

"छुपा संदेश."

"कुणी छपवला?"

"जाहिरातवाल्यांनी."

"सापडला तर निम्मा निम्मा," एक जण म्हणाला आणि दुसऱ्या टोकाने खरवडायला लागला. आणखी दोघे बाह्या सारून आले. गाडी सुटेल म्हणून कंडक्टर ओरडत होता, पण कुणी हललं नाही. सात कागदांखाली शेवटी भिंत लागली. भिंतीवर जुनी, पुसट, पण सरकारी अक्षरं होती. महिपतीने ती मोठ्याने वाचली.

'येथे जाहिराती लावू नयेत. हुकमावरून.'

"सापडला!" महिपती म्हणाला.

तेवढ्यात नगरपालिकेचा माणूस आला. बाकीचे गाडीत जाऊन बसले. "फाडलंस ना? आता सगळं परत चिकटव," तो म्हणाला आणि खळीचा डबा महिपतीच्या हातात दिला. महिपतीने सगळे तुकडे मनापासून चिकटवले. पण कुठला तुकडा कुठला, हे कुणी सांगितलं नव्हतं. उमेदवाराचं डोकं पेंडीच्या पोत्यावर बसलं. त्याचे जोडलेले हात मूळव्याधीच्या खाली गेले. आणि 'तुमचाच माणूस' याच्या पुढे 'फक्त गुरुवारी' आलं.

लोक थांबून थांबून वाचू लागले. इतकी खरी जाहिरात त्या भिंतीवर आधी कधी लागली नव्हती.

या सगळ्यात पेंड राहिली. मैना उपाशी राहिली, दूध आटलं, आणि आणखी एका घरचा रतीब तुटला. गोजराने महिपतीला पुन्हा पारावर धाडलं.

गुरुजींनी कपाळाला हात लावला. "अरे, आत म्हणजे कागदाच्या आत नाही! अर्थाच्या आत! थांब, तुला सोपं करून सांगतो. पाटी उलटी वाचायची. 'स्वस्त' लिहिलं असेल तर महाग समज. 'शुद्ध' लिहिलं असेल तर भेसळ समज. 'त्वरा करा' लिहिलं असेल तर सावकाश घे."

"पाटीवर असंल त्याच्या उलटं."

"अगदी बरोबर."

"बरं. ध्यानात ठेवतो."

ते ऐकून गुरुजींच्या मनात काहीतरी चुकचुकलं. पण तेवढ्यात चहा आला.

त्या दिवसांत गावात सिमेंटचा रस्ता होत होता. रस्ता गावाचा होता, म्हणजे पारापासून निघून सरपंचांच्या दारात संपणारा होता. सकाळीच सिमेंट ओतून, घोटून गुळगुळीत केलं होतं. तोंडाशी पाटी लावली होती, 'रस्ता ओला आहे. जाऊ नये.'

महिपती मैनेला घेऊन आला. त्याने पाटी वाचली. मग उलटी केली. रस्ता वाळला आहे. या.

"अवो म्हैसपती, ओला हाय त्यो!" गवंडी ओरडला.

"ह्यो पण उलटंच सांगतोय. भला माणूस दिसतोय," महिपती मैनेला म्हणाला आणि तिला रस्त्यावर घातलं.

मैनेच्या पायाला गार लागलं. मऊ लागलं. मैना म्हैस होती. म्हशीला असं काही लागलं की ती काय करते, हे तुम्हाला ठाऊक आहे. रस्त्याच्या बरोबर मध्यावर मैना आधी पुढच्या गुडघ्यांवर टेकली, मग मागून बसली, मग एका कुशीवर कलली आणि डोळे मिटून रवंथ करू लागली.

सहा माणसांनी तिला उठवलं. मैना उठली, पण तिचा आकार तिथंच राहिला. आजही पाऊस झाला की त्या रस्त्यावर पाणी साचतं. शिंगांसकट.

 सरपंच रोज घरी जाताना त्या म्हशीच्या आकारात पाय घालूनच जात होते, त्यामुळे ते काही विसरले नाहीत.

त्या दिवशी गोजराने गुरुजींवरचा विश्वास काढून घेतला आणि स्वतःच शिकवायला बसली. "अवो, समद्याच पाट्या उलट्या नसत्यात. रस्त्याची पाटी खरी. दवाखान्याची पाटी खरी. जिथं कुणाला काहीतरी विकायचं असतं ना, तिथलीच तेवढी उलटी."

"विकायचा विषय असंल तर उलटं. न्हाईतर सुलटं."

"व्हय बाबा."

"बरं. ध्यानात ठेवतो."

महिन्याभरात धारेची बादली गळू लागली. गोजराने त्याला नवी बादली आणायला पाठवलं. दुकानात पाटी होती, 'दहा किलो धुण्याची पावडर घ्या, बादली फुकट!'

इथे विकायचा विषय होता. म्हणजे उलटं. महिपतीने सावकाश उलटं केलं. 'बादली घ्या, दहा किलो पावडर फुकट.'

"मला बादली पायजे," तो दुकानदाराला ठणकावून म्हणाला. "बादलीचं पैसं देणार. पावडर मात्र फुकट घेणार. मला पाटी वाचता येती."

दुकानदाराने त्याच्याकडे बघितलं. मग पाटीकडे बघितलं. "तुम्ही म्हणताय तसं," तो म्हणाला आणि पैसे तेवढेच घेतले.

महिपती डोक्यावर पावडरीचं पोतं आणि हातात बादली घेऊन घरी आला. घरात धुवायचे कपडे सहा होते.

"एवढ्या पैशात चार बादल्या आल्या असत्या!" गोजरा म्हणाली.

"पण पावडर फुकट हाय की."

गावात याला मात्र कुणी वेडेपणा म्हटलं नाही. तीच बादली गावात आणखी अकरा घरी होती. गुरुजींच्या घरी दोन होत्या.

गोजराने महिपतीला समोर बसवलं. "आता शेवटचं सांगते. फुकट म्हणजे सापळा. फुकट कुणी कुणाला काय देत न्हाई. कुणी फुकट म्हटलं की आपण 'नको' म्हणायचं, हात लावायचा न्हाई, आन मागं न बघता घर गाठायचं. येडं माणूस फुकट म्हटलं की धावत जातं. शाणं माणूस पळून जातं."

"म्हंजे फुकट वाचलं की शाणी माणसं पळून जात्यात?"

"व्हय. ढुंगणाला पाय लावून."

"बरं," महिपती म्हणाला. "ध्यानात ठेवतो."

मग गोजराला बहिणीच्या बाळंतपणाला जावं लागलं. पाच दिवसांसाठी. निघताना तिने पिशवी उचलली, खाली ठेवली, परत उचलली, परत ठेवली.

"अवो, मी न्हाई बघून त्यो इंगवले यील. त्याचं तोंड म्हंजे गुळाची ढेप. तुम्ही बोलायच्या भानगडीत पडूच नका. दारावर पाटी लावा, म्हैस विकायची न्हाई म्हणून. वाचून जाईल गप. मैना गेली तर आपण काय खायाचं, सांगा बरं?"

"दहा किलो पावडर हाय," महिपती म्हणाला.

गोजराने पिशवी उचलली आणि एसटी गाठली.

महिपतीने फळी घेतली. गेरू कालवला. 'म्हैस विकणे ना' इथपर्यंत लिहिलं आणि त्याचा हात थांबला. हा विकायचा विषय आहे. विकायच्या पाटीचं उलटं वाचतात. 'विकणे नाही' लिहिलं तर इंगवले काय वाचेल? विकणे आहे! बरं झालं वेळेत सुचलं. त्याने 'ना' पुसलं आणि 'आहे' लिहिलं.

मग त्याला आणखी सुचलं. फुकट वाचलं की शहाणी माणसं पळून जातात. इंगवले शहाणा आहे. त्याने खाली लिहिलं, 'एकदम फुकट.' बाजारात पाहिलेलं आठवलं, म्हणून पुढे लिहिलं, 'एकावर एक.' आणि इंगवलेने यायची घाई करू नये म्हणून शेवटी लिहिलं, 'त्वरा करा.'

मग तो लांब जाऊन उभा राहिला आणि पाटीकडे बघितलं. ही पाटी वाचून माणूस तालुक्यापर्यंत पळत जाईल, अशी त्याची खात्री झाली.

दुसऱ्याच दिवशी इंगवले आला. पाटी वाचली. डोळे पुसले. परत वाचली.

"महिपतराव, पाटी तुम्हीच लिहिली?"

"व्हय."

"शुद्धीत?"

"आंघोळ करून."

"मग पाटीवरनं जे समजायचं, ते मी समजू ना?"

"तुम्ही शाणी माणसं. तुम्हाला काय सांगायचं?"

"समजलं," इंगवले म्हणाला.

"मग झालं तर," महिपती म्हणाला.

जनावरांच्या बाजारात सौदा तोंडाने होत नाही. टॉवेलखाली हात घालतात आणि बोटं दाबून भाव सांगतात, बघणाऱ्याला कळू नये म्हणून. फुकटचा असला तरी सौदा रीतीने झालेला बरा, म्हणून इंगवलेने खांद्यावरचा टॉवेल काढून हातावर टाकला. "द्या हात."

महिपतीने टॉवेलखाली हात घातला. इंगवलेने तो दाबला. महिपतीला गुरुजी आठवले. आत काय दडलंय ते बघावं. त्याने टॉवेल उचलून आत बघितलं.

"आत काय न्हाई की. तुमचा हात हाय आन माझा."

"तेच तर. फुकट म्हंजे आत काय न्हाई," इंगवले म्हणाला आणि मैनेचं दावं सोडलं. "नेतो मग."

हा दलाल. याचं बोलणं म्हणजे सगळा विकायचाच विषय. 'नेतो' म्हणजे नेत नाही. महिपती हसला. "न्या, न्या."

"आन एकावर एक म्हंजे? हे तिचं रेडकू पण?"

"न्या की."

"आन त्वरा करा लिहिलंय, म्हणून जरा पळतोच," इंगवले म्हणाला.

आणि तो पळाला. एका हातात मैनेचं दावं, दुसऱ्या हातात रेडकाचं. महिपती दारात उभा राहून बघत होता. त्याला गोजराचं फार कौतुक वाटलं. फुकट वाचलं की शहाणं माणूस पळून जातं म्हणाली होती. कसा पळाला!

संध्याकाळी तो बादली घेऊन गोठ्यात गेला. गोठ्यात मैना नव्हती. इंगवले 'नेतो' म्हणाला म्हणजे त्याने नेलेली नाही, हे नक्की होतं. म्हणून महिपती बादली मांडीवर घेऊन वाट बघत बसला. तो चार दिवस बसला.

गोजरा आली. तिने रिकामा खुंटा बघितला. मग दारावरची पाटी वाचली. मग उंबऱ्यावर बसली. थोड्या वेळाने उठली, पाटी काढून काखेत मारली, एका हाताने महिपतीला धरलं आणि सरळ पारावर गेली.

पंच जमले. सरपंच आले. गुरुजी तिथंच होते. निरोप धाडून इंगवलेला बोलावलं. तो मैनेला आणि रेडकाला घेऊन आला.

"चोरी केली का मी?" इंगवले म्हणाला. "पाटी वाचली. मालकाला विचारलं. टॉवेलखाली हात दिला. समदं रीतीनं केलं."

"इंगवले, माणूस भोळा आहे रे," गुरुजी म्हणाले.

"भोळा हाय तर त्याला लिवायला कुणी शिकवलं?" इंगवले म्हणाला. गुरुजींनी पेपर वर धरला.

सरपंचांना रस्ता आठवत होता. शिंगांसकट आठवत होता. पण सरपंचांच्या घरीही रतीब मैनेचाच होता आणि चार दिवस ते कोरा चहा पीत होते. त्यामुळे न्याय लवकर झाला.

"इंगवले, म्हैस परत कर. न्हाईतर ह्या गावचं एक शेपूट तुझ्या हातनं बाजारात जाणार न्हाई."

इंगवलेने हिशेब मनात केला आणि मान हलवली.

सरपंच म्हणाले, "पाच माणसांसमोर मालकानं दावं हातात घ्यायचं. घेतलं की मिटलं. न्हाई घेतलं तरी मिटलं. परत कुणी तोंड उघडायचं न्हाई."

गोजरा पुढे झाली. "आणा. म्हैस माझ्या बापानं दिल्याली हाय. दावं मी घेते."

"तसं कसं?" सरपंच म्हणाले. "घरचा मालक उभा असताना बाईमाणसानं सौद्याचं दावं घ्यायची रीत न्हाई."

"रीत न्हाई," पहिला पंच म्हणाला.

"कधीच नव्हती," दुसरा म्हणाला. गुरुजींनीही पेपराआडून मान हलवली. गावातली इतकी शहाणी माणसं एका जागी जमली होती, की भोळ्याच्या हातात दावं द्यायचा निर्णय एकमताने झाला.

गोजराने महिपतीचं मनगट घट्ट धरलं. खालच्या आवाजात म्हणाली, "अवो, पाया पडते. कायबी बोलू नका. नुसता हात फुडं करा आन दावं घ्या. बास."

"बरं," महिपती म्हणाला आणि हात पुढे केला.

इंगवलेने दावं पुढे केलं. म्हैस तर गेलीच होती, निदान चार लोकांत मोठेपणा तरी पदरात पाडून घ्यावा, म्हणून त्याने आवाज चढवला. "घ्या, महिपतराव! एक रुपया मागत न्हाई. चार दिवसांची वैरण पण माझी. एकदम फुकट घेऊन जावा!"

महिपतीचा हात हवेतच थांबला.

"फुकट?"

"एकदम फुकट!"

"नको," महिपती म्हणाला.

"अवो, घ्या!" गोजरा ओरडली.

महिपतीने तिच्याकडे बघितलं आणि डोळा मिचकावला. त्याने दोन्ही हात पाठीमागे बांधले. हात लावायचा नव्हता. मग तो वळला आणि घराच्या दिशेने चालू लागला. मागे गोजरा हाका मारत होती. मैना हंबरत होती. तिने एवढ्या मोठ्याने हंबरडा कधी फोडला नव्हता. पण मागे बघायचं नव्हतं. त्याने बघितलं नाही.

पारावर इंगवलेने दावं परत आपल्या हाताला गुंडाळलं.

"नको म्हणाला," इंगवले म्हणाला. "पाच माणसांसमोर."

पंचांनी सरपंचांकडे बघितलं. सरपंचांनी रस्त्याकडे बघितलं. "रीत म्हंजे रीत," ते म्हणाले.

गोजरा घरी आली तेव्हा महिपती दारातच उभा होता. "वाचलो गं! थोडक्यात वाचलो. फुकट गळ्यात घालत हुता म्हैस! बघितलंस ना, कसं नको म्हटलं?"

 गोजराने काखेतली पाटी खाली ठेवली आणि उलटी केली. मागची बाजू कोरी होती. गोजरा चौथी शिकली होती. तिने गेरू कालवला, सावकाश चार ओळी लिहिल्या आणि पाटी दारावर लावून टाकली.

सकाळी रस्त्याने जाणारे लोक थांबून पाटी वाचू लागले. 'फुकट' या शब्दापाशी आले, की दचकत आणि पावलं उचलून चालते होत. उशिरा का होईना, गाव शहाणं झालं होतं.

मग महिपती बाहेर आला. त्याने पाटी वाचली.

'नवरा देणे आहे. एकदम फुकट. त्वरा करा. एकदा दिलेला माल परत घेतला जाणार नाही.'

त्याने डोकं खाजवलं. देण्याघेण्याचा विषय होता. म्हणजे उलटं. त्याने एकेक ओळ बोटाने धरून नीट उलटी केली. नवरा द्यायचा नाही. कितीही मोल दिलं तरी नाही. कुणी घाई करू नये. आणि कुणी नेलाच, तर मी जाऊन परत आणीन.

महिपतीचे डोळे भरून आले. तो तसाच आत धावला.

"गोजरे," तो म्हणाला, "एवढा जीव हाय तुझा माझ्यावर? मग तोंडानं सांगायचं की गं! गावासमोर पाटी कशाला लावायची?"